तिसरा ठोका

शनिवारी संध्याकाळी दादांच्या सलूनमध्ये दाढीला बसणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवायची असे. गालावरून सरकणारा वस्तरा मध्येच हवेत गेला, तर दचकायचं नाही. काही चुकलेलं नसतं. आता हसू येणार असतं, एवढंच.

दादा हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. घरात त्यांना दादा म्हणणारं कुणी नव्हतं. सून बाबा म्हणे, आणि बायको "अहो"वर भागवी. दुकान अगदी लहान. दोन खुर्च्या, त्यांच्यासमोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि बाकाच्या वर छताजवळ टीव्ही. खुर्चीत मान मागे टाकलेल्या माणसाला तो आरशात बरोबर दिसे. ती उंची काही आपोआप सापडलेली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी टीव्ही आणला, तेव्हा दादांनी मास्तरांना लागोपाठ तीन रविवार खुर्चीत बसवून ठेवलं होतं आणि स्वतः स्टुलावर चढून टीव्ही वर-खाली करत होते.

"दिसतंय?"

"कपाळ दिसतंय."

"कुणाचं? बातम्या देणाऱ्याचं?"

"माझं."

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शनिवारची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. कारण शनिवारी साडेसहाला 'फिरतं दार' लागायचं.

'फिरतं दार' म्हणजे अर्ध्या तासात पाच-सहा छोटे विनोदी प्रवेश. एक गोल फिरणारं काचेचं दार. ते हॉटेलचं आहे, कचेरीचं की दवाखान्याचं, हे एकतीस वर्षांत कुणाला कळलं नाही. त्यातून कुणीतरी आत यायचं आणि घोटाळा सुरू व्हायचा. नट बदलत गेले. काही म्हातारे झाले, काही मोठे झाले आणि सोडून गेले. पहिल्या दिवसापासूनचा एकच उरला, लंबू. पाठीत जरासा वाकलेला, हातात काळी छत्री. दारातून आला की तो ती छत्री जमिनीवर आपटायचा. टक. टक. टक. आणि तिसऱ्या ठोक्यावर जे काही बोलायचा, त्यावर लोक गडबडा लोळायचे.

दादांच्या दुकानात लंबू डावखुरा होता. आरशात बघितलं की तसंच दिसणार. पण गिऱ्हाइकांना त्याची इतकी सवय झाली होती की, एखादा घरी कार्यक्रम बघून आला की सांगे, "काल घरच्या टीव्हीवर तो उजव्या हाताने छत्री धरत होता. काहीतरी बिघडलंय." मग बाकीचेही माना डोलावत. बिघडलंच असणार.

गंमत अशी की, ज्याच्या दुकानात एकतीस वर्षं हा कार्यक्रम लागत होता, त्याने स्वतः तो कधी बघितलाच नव्हता. दाढी करताना नजर कुठे ठेवायची, तर गळ्यावर. टीव्ही पाठीशी, आरसा बाजूला आणि समोर फेसातून डोकावणारा माणसाचा गळा. पहिल्याच वर्षी शेजारच्या टेलरला कापलं होतं. लंबूने काहीतरी म्हटलं, टेलर खो-खो हसला आणि कानाखाली रेघ उठली. त्या दिवसापासून दादांनी अभ्यास धरला. त्यांच्या ध्यानात आलं की, हसू तोंडात नंतर येतं, आधी गळ्यात येतं. गळ्याची घाटी किंचित वर सरकते, जशी कुणी आतून हलकेच कडी काढावी. ती सरकली की वस्तरा उचलायचा. पुढे पुढे लंबूचे ठोकेही मदतीला आले. टक, टक, टक, आणि वस्तरा हवेत. त्यानंतर तीस वर्षं दादांच्या हातून कुणाला साधा ओरखडाही उठला नाही. या बाबतीत त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

पण गिऱ्हाईक मोठं लबाड असतं. वस्तरा वर गेला म्हणजे विनोद आला, हे सगळ्यांना पाठ झालं. मग लोक वस्तऱ्यावरच हसू लागले. लंबू अजून ओठ उघडतो न उघडतो, इकडे वस्तरा वर आणि बाकावर हशा. एखाद्या शनिवारी विनोद फुसका निघाला, तरी कुणाच्या लक्षात येत नसे.

लक्षात आलं ते मास्तरांच्या. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी ते खुर्चीत नुसते बसून राहिले. वस्तरा वर गेला, बाक हसला, मास्तर हसले नाहीत.

"मेला," ते म्हणाले.

"कोण?" दादांच्या हातातला ब्रश थांबला.

"कार्यक्रम. बरेच दिवस झाले असतील. आपण नुसते बसून आहोत."

"तुमचंच काहीतरी आटलंय, मास्तर," टेलर बाकावरून म्हणाला. "त्याला कशाला मारता?"

तेव्हापासून दर शनिवारी हा वाद ठरलेला. टेलर म्हणे, लंबूसारखा लंबूच. मास्तर म्हणत, शिळ्या कढीला ऊत. शेवटी दोघंही दादांकडे वळत. "तूच सांग रे, येतं का अजून हसू?" दादा तुरटी पाण्यात बुडवत म्हणत, "मला काय विचारता? मी गळे बघतो." आणि मास्तर, मेलेल्या कार्यक्रमाला नावं ठेवत, पुढच्या शनिवारी बरोबर साडेसहाला हजर.

टेलर त्यांना चिडवी. "मयताला दर आठवड्याला येता होय?"

"मी दाढीला येतो," मास्तर म्हणत.

असं सगळं चाललं होतं. संध्याकाळचं पिवळं ऊन दुकानाच्या काचेतून आत येई, गरम पाण्याची वाफ आरशाच्या खालच्या कडेला धरे, आणि त्या वाफेच्या वर, आरशाच्या खोल निळसर उजेडात, एक दार फिरत राही. खुर्चीतली माणसं अर्धवट झोपेत असत. दादांनाही कधी कधी वाटे, आपण कापसाच्या राशीत उभे आहोत. हात आपोआप चालतो आहे, मागून ठोके ऐकू येताहेत, कुणीतरी हसतं आहे, फार लांबून, पाण्याखालून हसावं तसं. त्या गुंगीत एकतीस वर्षं कशी निघून गेली, ते त्यांना कळलंही नाही.

मग एका शनिवारी ते घडलं.

खुर्चीत मास्तर होते. दुसऱ्या खुर्चीशी सून कुणाचे तरी केस कापत होती. ती तीन वर्षांपासून दुकानात काम करी. मागे लंबू दारातून आला. टक. टक. दादांचा हात हनुवटीखाली होता. तिसरा ठोका पडला की उचलायचा. ते वाट बघत होते. ठोका पडला नाही. मध्ये शांतता पसरली, लांबलचक. शांततेला कोण हसतं? म्हणून दादांनी तेवढ्यात वस्तऱ्याचा एक हात खाली ओढला.

आणि मास्तर हसले.

नऊ वर्षं न हसलेला माणूस हसला, आणि तोही पोटातून, सगळं अंग हलवून. पांढऱ्या फेसातून एक लाल धागा खाली आला आणि टॉवेलवर टेकला.

"अगं बाई! बाबा!" सून धावली. तिने तुरटी लावली, कापूस दाबून धरला. जखम नखाएवढीसुद्धा नव्हती. पण दादा पुतळ्यासारखे उभे होते.

मास्तरांना त्याचं काही नव्हतं. "सरक गं, आरसा झाकू नकोस!" ते कापसाखालून ओरडत होते. "तिने छत्रीच काढून घेतली त्याच्या हातातून! कार्यक्रमातली ती नवी पोरगी! तिसरा ठोका मारायला गेला, तर हातात छत्रीच नाही! दादा, बघितलंस?"

दादांनी बघितलं नव्हतं. त्यांनी वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवला आणि खण लावला.

"उद्यापासून दाढ्या तू करायच्या," ते सुनेला म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"टॉवेल."

तो आठवडा दादांनी टॉवेल घड्या करण्यात घालवला. इतके टॉवेल दुकानात नव्हते, म्हणून केलेल्या घड्या मोडून पुन्हा करायचे. एवढंसं कापणं काही मोठी गोष्ट नव्हती. पण या हातावर त्यांचं सगळं उभं होतं. रोज पाच-पंचवीस माणसं डोळे मिटून आपला गळा त्यांच्या स्वाधीन करत. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या भरवशावर ते रस्त्यातून मान वर करून चालत. आता तो हात गेला असेल, तर मागे उरतं काय?

घरी बायकोने दोन दिवस मौन पाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने त्यांच्यापुढे सुई आणि दोरा धरला.

"ओवून द्या."

"चष्मा आण तुझा."

"चष्म्याने होत असतं तर तुमच्या दारी आले असते का?"

दादांनी सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्या फटक्यात आत गेला. बायकोने सुई घेतली, दोऱ्याला गाठ मारली आणि शिवण टिपायला लागली.

"हात थरथरत नाही तुमचा," ती मान वर न करता म्हणाली. "लाडावले असतील ते कान."

"म्हणजे?"

"मी काय सांगू? तीस वर्षं मी बोलते, ते तुम्हाला ऐकू येत नाही. त्या लंबूची छत्री बरी ऐकू येते."

दादा उठून दुकानात गेले. तिथे गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ते बाकावर लवंडले आणि त्यांचा डोळा लागला. स्वप्नात ते फिरत्या दारात होते. दार काचेचं नव्हतं, आरशाचं होतं. प्रत्येक कप्प्यात एकेक खुर्ची आणि खुर्चीत मान मागे टाकलेलं एकेक ओळखीचं माणूस. काही गेलेलीही होती. सगळ्यांच्या गळ्यांना पांढरा फेस. दार फिरत होतं, गळे समोरून जात होते, आणि दादांच्या हातात वस्तऱ्याऐवजी छत्री होती. त्यांनी ती आपटली. एक. दोन. तिसऱ्यांदा आपटायला गेले, तर खाली जमीनच नव्हती. सगळे गळे एकाच वेळी वर सरकले, जसे पक्षी उडायच्या आधी मान वर करतात, आणि दादा ओरडू लागले, "थांबा, हसू नका, अजून ठोका पडला नाही!" पण ते हसलेच, आणि आवाज मात्र आला नाही.

जाग आली तेव्हा सून खिडकीपाशी उभी राहून कंगवे धूत होती.

"कुणाला हसू नका म्हणत होतात?"

"कुणाला नाही."

शनिवार आला. साडेसहाला पाच कमी असताना मास्तर आले. हनुवटीखाली पट्टी होती, तिची आता गरज नव्हती. पण ती त्यांनी कौतुकाने ठेवली होती. टेलर बाकावर आधीच जागा धरून बसला होता. मास्तर सरळ दादांच्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"इकडे बसा ना, काका," सून म्हणाली. "आता दाढी मी करते."

"तू हुशार आहेस गं. पण माझा गळा त्याच्या ओळखीचा आहे."

"त्या ओळखीनेच कापला," टॉवेलांमागून दादा म्हणाले. "मास्तर, हट्ट नको. हात राहिला नाही माझा."

"हात राहिला नाही की कार्यक्रम समजला नाही?" मास्तर उठून बसले. "दादा, खरं सांग. तू 'फिरतं दार' बघितलंयस कधी?"

दादांनी हातातल्या टॉवेलची घडी मोडली.

"एकतीस वर्षं!" टेलर कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि आम्ही याला विचारतो, हसू येतं का. म्हणजे आंधळ्याला रंग विचारायचा."

"ऊठ," मास्तर म्हणाले आणि स्वतःच खुर्चीतून उठले. "आज तू बस. सूनबाई, कर याची दाढी. मी बाकावर."

"अहो, गिऱ्हाईक तुम्ही—"

"बस म्हणतो ना! शाळेत असतास तर अंगठे धरून उभा केला असता."

दादा बसले. स्वतःच्या खुर्चीत असे ते कधीच बसले नव्हते. चामडं मऊ होतं, मान टेकायची जागा घासून गुळगुळीत झालेली. सुनेने गळ्याभोवती टॉवेल खोचला, ब्रश फिरवला. गरम फेस आणि त्याचा वास. दादांना एकदम हलकं वाटलं, कुणी पाण्यावर निजवावं तसं. त्यांनी डोळे वर केले आणि आरशात दार फिरू लागलं.

किती सुंदर होतं ते दार! एवढ्या वर्षांत कुणीच त्यांना तसं सांगितलं नव्हतं. ते फिरे तसा उजेड तुकड्या-तुकड्यांनी आत येई. त्यातून माणसं येत, वाट चुकत, पुन्हा आत जात. दोन प्रवेश झाले. दादांना त्यात हसण्यासारखं विशेष काही दिसलं नाही. पण बघत राहावंसं वाटलं. मग लंबू आला. तो डावखुराच होता, आणि दादांना वाटला होता त्यापेक्षा बराच म्हातारा. डोक्यावर केस विरळ. कापणाऱ्याने मागून चांगले धरले नव्हते, हेही त्यांनी टिपलं. त्याच्या पुढे ती नवी पोरगी पाठमोरी उभी होती. लंबूने छत्री उचलली. टक. टक.

आणि थांबला. छत्री हातात होती, कुणी काढून घेतली नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू आता पुढे काय करायचं असतं, तेच विसरला. छत्रीचं टोक जरा थरथरलं. नाटकातली थरथर ती नव्हे. हाताची खरी थरथर दादांना ओळखता येई. सगळं दुकान थांबलं. मग त्या पोरीने, वळूनसुद्धा न बघता, आपली टाच जमिनीवर आपटली.

टक.

लंबूच्या चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या पोराचा भाव आला. दादा हसले. आपण हसणार आहोत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. टॉवेल उडाला, खुर्ची कुरकुरली आणि आपला गळा, आपला गळा, म्हणून त्यांनी हात वर नेला. पण तिथे वस्तरा नव्हताच. तो वर, दिव्याजवळ होता, सुनेच्या हातात, आणि सून त्यांच्याकडे बघत शांत उभी होती.

"तुला कसं कळलं?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं. "तू तर तिकडे बघतही नव्हतीस."

"मी कशाला तिकडे बघू?" सून म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्हीच नाही का सांगितलंत? हसू आधी गळ्यात येतं. गळा सोडून नजर हलली, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणालात. मी तर रडले होते घरी जाऊन."

"म्हणालो होतो मी असं?"

"दोनदा."

दादा आढ्याकडे बघत राहिले. कितीतरी वर्षांत त्यांनी गळा बघितलाच नव्हता. नजर गळ्यावर असे, पण बघत असत ते कान. तीन ठोके मोजायचे, तिसऱ्याला उचलायचं. लंबू मोजून ठोके देई, तोवर ते चालून गेलं.

ते उठले. एका गालावरचा फेस तसाच होता. सून "बाबा, अर्धीच झालीय!" म्हणेपर्यंत त्यांनी खण उघडला. वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे फिरवला. मग स्टुलावर चढले आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"अरे अरे!" टेलर ओरडला. "ऐकू काय येणार?"

"ऐकायचं काही नाही," दादा म्हणाले. "या, मास्तर. बसा."

मास्तर बसले. मान मागे टाकली, पट्टी स्वतःच्या हाताने सोलून काढली आणि डोळे आरशात लावले. दादांनी फेस फिरवला. दुकानात आता फक्त ब्रशचा आवाज होता, मग तोही थांबला. मागे निःशब्द दार फिरत असणार. त्याचा उजेड मास्तरांच्या गालावरून सरकत होता, निळा, पांढरा, पुन्हा निळा. दादांनी तिकडे बघितलं नाही. एक हात ओढला. दुसरा ओढला. हाताखाली कातडी ऊबदार होती, आणि तिच्या खाली एक बारीकशी नाडी आपल्या नादात चालली होती. तिला कुठल्याच ठोक्याची पर्वा नव्हती.

टेलरला राहवलं नाही. "आता तर बघितलंस ना, दादा? मग सांग एकदाचं. येतं का त्यात अजून हसू?"

फेसाखाली, हनुवटीच्या जरा खाली, मागच्या शनिवारच्या खुणेशेजारी, घाटी इवलीशी वर सरकली.

"बोलू नका," दादा म्हणाले, आणि वस्तरा हवेत गेला. "येतंय."